डोळे मिटले की काय दिसतं

अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा लक्षात आलं की घरात त्यांचा धड एक फोटो नाही. गावातल्या प्रत्येक लग्नात ते पंगतीला वाढायला असत. फोटोसाठी कधी उभे राहिलेच नाहीत. शेवटी आधार कार्डावरचा अंधुक फोटो घेऊन मी जवळच्या मुरुम गावातल्या एका फोटो स्टुडिओत गेलो. घरातला शिकलेला मीच. ज्यांनी मला शिकवलं, त्यांचं एवढं काम तरी नीट व्हावं, असं मनात होतं.

मोठा केल्यावर चेहरा पिठासारखा भुरकट झाला.

"भुवया कशा होत्या?" फोटोवाल्यानं विचारलं. मला सांगता येईना.

"डोळे मिटून बघा की सर. वडील तुमचे का माझे?"

मी हसलो आणि अंदाजानं सांगत गेलो. त्यानं संगणकावर गाल भरले, वर तयार फेटा चढवला. मला फोटो बरा वाटला.

घरी आईनं फ्रेमवरचा कागद काढला. "हे कोण रं?"

"अण्णा."

"अण्णा व्हय? मला तर सभापती वाटले," धाकटी बहीण म्हणाली.

आई हसली नाही. "त्यांची डावी भुवई मधी तुटलेली हुती. खालचा ओठ जरा पुढं. तुला ठावं न्हाय?"

ठाऊक होतं. तिनं सांगताक्षणी पटलं. भुवईला बैलाचं शिंग लागलं होतं, ती सगळी हकीकतही पाठ होती.

"डोळं मिट. दिसत्यात का न्हाय?"

"डोळे मिटल्यावर कसं दिसेल? अंधारच असतो."

दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. "दादा, मला तर आत्ता दिसायलेत," बहीण म्हणाली. "पायरीवर बसलेत. बंडीची वरची गुंडी उघडी."

"खरंच? चित्रासारखे?"

"मग? सगळ्यांनाच दिसतं की."

मी हादरलो. शाळेत मी विज्ञान शिकवतो. डोळ्याचं भिंग, पडदा, त्यावरची उलटी प्रतिमा, सगळं फळ्यावर काढतो. 'डोळ्यांसमोर उभं राहिलं' ही नुसती बोलण्याची रीत आहे, असं आजवर समजत होतो. मोबाइलवर शोधलं. काहींच्या मनात चित्रं उमटतच नाहीत, तो आजार नव्हे, असं वाचलं. त्यानं धीर आला नाही. गेलेलं माणूस सगळ्यांनाच असं दिसेनासं होतं, या समजुतीवर मी वर्ष काढलं होतं. इथं या दोघी अण्णांना रोज बघत होत्या.

"आई, मी विसरलो का गं त्यांना?"

आईनं फ्रेम पालथी ठेवली. मग म्हणाली, "त्यांची आई गेली तवा ते बी असंच म्हणले हुते. डोळं मिटलं तर आई दिसंना गं, म्हणले. मला वाटलं, दुःखानं बोलायलेत. म्या म्हणलं, दिसंल हळूहळू."

"मग?"

"मग पुन्हा कधी बोललेच न्हाईत. पर आईची एकूण एक आवड त्यास्नी ठावं हुती. सणाला तिच्या नावाचं ताट तेच वाढायचे. मला हात लावू द्यायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी आईला स्टुडिओत घेऊन गेलो. ती डोळे मिटून सांगत होती, फोटोवाला माउस हलवत होता. गाल बसले, ओठ पुढं आला, भुवई मध्ये तुटली आणि अचानक पडद्यावरून अण्णा माझ्याकडं बघू लागले. वर्षभरानं.

"आता बरोबर का सर?"

मी अण्णांकडंच बघत होतो. आईनंच मान हलवली.