लख्ख जखम

दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत पट्टीमामाचं राज्य होतं. एकतीस वर्षं लोकांच्या जखमा बांधल्या गड्याने! मोठमोठे सर्जनसुद्धा त्याच्यापुढे नमतं घ्यायचे. "जखम कशी लख्ख पाहिजे," हा त्याचा हेका, आणि त्यात माघार नाही.

घरी मात्र स्वारी फक्त जेवायला नि झोपायला. बायकोशी बोलणं काय, तर "मीठ कमी पडलंय." बस्स.

गेल्या वर्षी लोखंडी कपाटाचं दार तिच्या पायावर आपटलं. तिला साखरेचा आजार. ते रक्त बघून मामा पट्टीचं सामान घेऊन धावला. "घाबरू नकोस गं, मी आहे ना!" तो म्हणाला. रोज कामावरून आला की तिचा पाय मांडीवर घ्यायचा, सलाईनने पट्टी भिजवायचा, नवी धरलेली खपली अलगद उचलायचा आणि जखम पुसून काढायचा. काम कसं चोख! पण जखम काही भरेना. मग हा बाबा सकाळीही पट्टी सोडू लागला. बोटं काळी पडली, वर सरकत गेली, आणि शेवटी पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

"खपली काढत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन्ही वेळा!" मामा ताठ मानेने म्हणाला.

बाई म्हणाल्या, "मामा, रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन असतं ना, ते नुसतं रक्त थांबवत नाही. कातडीच्या पेशींना वाढायलाही तेच लावतं. साखरेमुळे जखम आधीच हळू भरते. त्यात तुम्ही खपलीबरोबर ते रोजच्या रोज पुसून टाकलंत."

मामाच्या पायाखालची जमीन सरकली. तो वॉर्डात गेला आणि खाटेशी बसून ढसाढसा रडला. "मीच घालवला गं तुझा पाय!"

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या होत्या मला, सारखी पट्टी सोडू देऊ नका म्हणून."

"अगं, मग बोलली का नाहीस? मी हात आवरला असता!"

"म्हणून तर नाही बोलले." तिने त्याचे डोळे पुसले. "एवढं होईल असं वाटलं नव्हतं हो. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही रोज माझ्याजवळ बसत होतात."