दहा लाखावं खोकं

लोणच्याच्या कारखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. टेबलाखाली काचेचा चुरा साचतो तसे साचतात. आज झाडा, उद्या परत! रबाळ्याला आमची सात टेबलं, टेबलामागं एक बाई. पाळीपाळीनं खोकं भरायचं, त्यावर शिक्क्यानं पुढचा नंबर मारायचा आणि शिक्का शेजारणीला द्यायचा. तक्रार आली की नंबराला सातानं भागायचं. बाकी उरेल ते टेबल. काहीच उरलं नाही तर सातवं. झालं!

*

एकदा एका खोक्यात बाटली कमी निघाली. शेठनी कॅल्क्युलेटरवर भागलं आणि ओरडतच आले, "पॉइंट बेचाळीस नंबरचं टेबल कुठंय?"

मी म्हटलं, "शेठ, ती बाई आज रजेवर हाय!"

"उद्या आली की केबिनमध्ये पाठव!"

*

शेठना नऊचं वेड. आकड्यांची बेरीज शेवटी नऊ आली की ते खोकं शुभ, गाडीत पहिलं. एक दिवस स्वतः बेरजा करत बसले आणि डोळ्यांत पाणी! "आक्का, दर नवव्या खोक्याला नऊ येतंच. एकदाही चुकत नाही. देवाची कृपा!"

म्हटलं, "त्या देवाला जरा कोपरखैरण्यात आमच्या नळावर बसवा!"

*

मग दहा लाखावं खोकं जवळ आलं. शेठनी जाहीर केलं, "जी भरेल ती परमनंट!" आमच्यात टेम्पररी दोघीच. पहिल्या टेबलावर साताऱ्याची पारू. नवरा अंथरुणावर, परमनंट झाली तर दवाखान्याचं कार्ड मिळणार. आणि सातव्यावर सुपरवायझर जाधवची मेहुणी, परवाच चिकटलेली.

जाधवनं दहा लाखाला सातानं भागलं. बाकी एक. लगेच मेहुणी पहिल्यावर, पारू सातव्यावर! म्हणे, "तिकडं हवा चांगली लागते."

तेवढ्यात शेठचे गुरुजी म्हणाले, "दहा लाखाची बेरीज नुसती एक! आधीचं धरा, सहा वेळा नऊ. बेरीज चोपन्न, पाच नि चार नऊ!" त्या सहा नऊंच्या नंबराला सातानं भागलं तर बाकी काहीच नाही. म्हणजे सातवं. म्हणजे पारू!

जाधवनं पुन्हा अदलाबदल केली. "तिकडं हवा जरा जास्तच लागते."

*

समारंभाच्या सकाळी कापडी बॅनर रंगवून आला. त्यावर 'दहा लाख'. बॅनर वाया घालवतील ते शेठ कसले! "गुरुजींचं राहू द्या. दहा लाखावंच धरायचं."

जाधवचं तोंड मुरलेल्या लिंबासारखं झालं. शेठसमोर तिसरी अदलाबदल कशी करणार? मेहुणीनं सहा नऊवालं खोकं भरलं, शिक्का पारूच्या हातात आला. पारूनं डोळे मिटून शिक्का मारला.

उमटलं ००००००! शिक्क्यात आकड्यांची घरंच सहा.

शेठ म्हणाले, "हे तर शून्य! शून्यावर परमनंट कसं करायचं?"

"बरोबर, शेठ!" जाधव.

पारू म्हणाली, "शेठ, दर दिवाळीला मला काढता आणि नवीन म्हणून परत घेता. माझी सगळी वर्षं शून्य होतात, ते चालतं. मग एका खोक्याचं शून्य झालं तर एवढा घाम का फुटला?"

शेठनी पारूकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं. मग जाधवकडं वळून म्हणाले,

"उद्याच्या उद्या सात आकड्यांचा शिक्का मागव!"