पावण्याला पाच चांदण्या

संयोगिता इंगवले या बाईंनी गेल्या आठ वर्षांत स्वतःच्या मनानं एकही निर्णय घेतला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना चक्क अभिमान होता. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड ओतणाऱ्या एका कारखान्यात त्या कामगार विभाग सांभाळायच्या. भरती, रजा, गणवेश, कॅन्टीनचा ठेकेदार, सगळं त्यांच्याकडं. हाच का निवडला असं कुणी विचारलं, की बाई उठून कपाट उघडायच्या आणि फाईल पुढं ठेवायच्या. "मी कोण ठरवणार? कागद ठरवतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ही सवय त्यांना लावली एका भिंतीनं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्टोअरमध्ये एक कारकून घेतला होता. हुशार होता, लेखी परीक्षेत पहिला आला होता, पण राहायला मंगळवार पेठेत, बाईंच्याच गल्लीत. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं सापडलं: 'मंगळवार पेठ भरती केंद्र'. कारखाना महिनाभर हसत होता. बाईही वरवर हसल्या. भिंत त्यांनी रंगवून घेतली, तरी ती अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढून काही गेली नाहीत. एरवी या बाईंच्या तोंडाला लागायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. कारखान्याच्या दारात मात्र त्या जीभ म्यान करायच्या आणि फाईल उपसायच्या.

गेल्या वर्षी गाड्यांचे सुटे भाग घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली. भट्टीवरच्या सगळ्या कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं, तेही बाहेरच्या संस्थेकडून. धाकट्या शेठनी काम बाईंवर सोपवलं. "संस्था तुम्ही निवडा, मॅडम. भट्टीचा मामला आहे, नीट बघून निवडा," एवढंच ते म्हणाले.

भट्टीचा मामला काय असतो हे बाईंना सांगायला नको होतं. वितळलेल्या लोखंडात ओलं भंगार पडलं, की पाण्याची क्षणात वाफ होते आणि लोखंड उसळून माणसाच्या अंगावर येतं. आपण चुकीची संस्था निवडली, तर कुणाचं तरी तोंड भाजणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं.

अर्ज पाच-सहा आले. चाळून चाळून दोन उरले. एक पुण्याची कंपनी, गुळगुळीत कागदावर रंगीत फोटो छापलेली. दुसरा अर्ज बघून बाईंनी तो आधी फाईलच्या तळाशी सरकवला. तो गुंडू मिस्त्रींचा होता. चाळीस वर्षं भट्टीवर काढलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत प्रशिक्षण केंद्र काढून बसला होता. आणि राहायला कुठं? मंगळवार पेठेत, बाईंच्या घरापासून चौथं दार. लहानपणापासून बाई त्यांना गुंडूमामा म्हणत आल्या होत्या.

बाईंनी तोड काढली. भट्टीवरची बारा माणसं निवडायची, दोघांचाही दोन-दोन तासांचा नमुन्याचा वर्ग त्यांच्यापुढं घ्यायचा आणि माणसांकडूनच कागद भरून घ्यायचे. कागदावर पाच चांदण्या. वर्ग जेवढा आवडला तेवढ्या रंगवायच्या. म्हणजे निवड माणसांची, आणि बाई नामानिराळ्या.

पहिल्या दिवशी पुण्याचे ऋतुराज सर आले. पांढरा शर्ट, गोड बोलणं, पडद्यावर हलती चित्रं. 'सुरक्षा ही एक मानसिकता आहे' इथं सुरू झाले ते 'आपल्यातला नेता जागा करा' इथं येऊन थांबले. मध्ये फुगे फुगवायचा एक खेळ घेतला. चांगले बारा बाप्ये फुगे फुगवून दमले. दुपारी सर साहेबांच्या खोलीत गेले नाहीत. कॅन्टीनमध्ये माणसांच्या पंगतीला बसले, खर्डा-भाकरी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी खर्डा पुन्हा मागून घेतला. तिथंच त्यांनी मैदान मारलं. "पावणं लई गुणाचं," असं सगळ्यांचं एकमत झालं. मागं बसलेल्या बाई मात्र वेगळंच मोजत होत्या. दोन तासांत भट्टी हा शब्द एकदा आला होता.

दुसऱ्या दिवशी गुंडूमामा आले ते मळक्या टोपीत, आणि मांडलेल्या खुर्च्या बघून भडकले.

"खुर्च्या कशाला? कीर्तन हाय काय हितं? चला भट्टीवर."

तिथं त्यांनी एक पत्रा टांगला. भट्टीत चर्र वाजलं, की काय झालं म्हणून बघायचं नाही, तीन पावलं मागं सरायचं, एवढा एकच धडा. मामा पत्रा बडवायचे आणि माणसं मागं जायची. पुन्हा पुढं, पुन्हा पत्रा, पुन्हा मागं. जिनपाल हा त्या बारा जणांतला सगळ्यांत जुना, पोरीला स्थळं बघत असलेला माणूस. तिसऱ्या खेपेला तो मागं सरायचं सोडून पुढं वाकला.

"वाकून काय बघायलाईस?" मामा सगळ्यांदेखत गरजले. "पोरगी बघाय आलाईस व्हय?"

बाकीचे फिदीफिदी हसले. जिनपाल कानापर्यंत लाल झाला. हळूहळू मामांनी एकेकाला असाच झोडपला आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. शेवटी शेवटी पत्र्यावर नुसतं बोट वाजवलं तरी बाराही जण झटक्यात मागं जात होते. दारापाशी उभ्या असलेल्या बाईसुद्धा नकळत तीन पावलं मागं सरल्या होत्या.

संध्याकाळी कागद आले. पुण्याच्या सरांना साठपैकी साठ चांदण्या. एकानं तर इतक्या मायेनं रंगवल्या होत्या, की रंग रेषेबाहेर गेला होता. गुंडूमामांना बारा जणांत मिळून चौदा. जिनपालनं एक चांदणी दिली होती आणि खाली लिहिलं होतं, 'बोलायची पद्धत न्हाय'.

बाई ते कागद पुढ्यात घेऊन बसून राहिल्या. कोण काय शिकवून गेलं, हे त्यांना लख्ख कळलं होतं. फाईलवर एक ओळ लिहायची होती: माझ्या मते भट्टीसाठी दुसरी संस्था योग्य. त्यांनी पेन उघडलंही. मग कोळशाची ती अक्षरं आठवली. गल्लीतला माणूस घेतला, तोही बारा जणांचे कागद डावलून, म्हणजे या खेपेला भिंत पुरली नसती. सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ दे, असं म्हणून त्यांनी पुण्याच्या नावावर सही केली. सही झाल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

त्याच आठवड्यात गुंडूमामा त्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, माजं काय चुकलं गं?"

"मामा, मी कुठं ठरवलं? माणसांनीच कागदावर लिहून दिलंय."

"असं व्हय," मामा म्हणाले आणि चहा न घेताच गेले. पिकतं तिथं विकत नाही, हे त्यांना काय कुणी नव्यानं सांगायला हवं होतं?

पुण्याचं प्रशिक्षण थाटात झालं. भट्टीवरच्या साठ-सत्तर माणसांना प्रमाणपत्रं मिळाली, गिऱ्हाईक खूश झालं, धाकट्या शेठनी सगळ्यांदेखत बाईंचं कौतुक केलं.

श्रावणात भंगारावरची ताडपत्री फाटली आणि चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दुपारी भट्टीवर पाच माणसं होती. चौघं त्या बारा जणांतले. पाचवा सम्राट, हुपरीचा, पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. नमुन्याच्या वर्गांच्या वेळी तो दुसऱ्या पाळीत होता, त्यामुळं पत्रा काही त्यानं ऐकलेला नव्हता. पुण्याच्या सरांचं प्रमाणपत्र मात्र त्यानं घरात भिंतीवर लावलं होतं. भिजलेलं भंगार आत पडलं आणि चर्र वाजलं. चौघं मागं सरले. "मागं," असं जिनपाल ओरडला, तोवर सम्राट काय वाजलं म्हणून पुढं वाकला होता.

जीव वाचला. चेहऱ्याची डावी बाजू, मान आणि हात भाजला. डावा डोळा गेला.

चौकशीला सरकारी निरीक्षक साहेब आले. ताडपत्रीचा जाब ज्यांना विचारायचा त्यांना विचारला. मग प्रशिक्षणाची फाईल मागितली. बाईंनी ती पुढं ठेवली. साहेबांनी बारा कागद उलटले, चांदण्या बघितल्या. "निवड अगदी पद्धतशीर केलीय, मॅडम," ते म्हणाले. शेठनी सुस्कारा सोडला. बाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौघं मागं सरले होते, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. साहेब गेल्यावर त्यांनी जिनपालला बोलावून घेतलं.

"त्या दिवशी तुम्ही मागं कसे सरलात?"

"पाय आपसूक गेलं, म्याडम. त्या मिस्त्रीनं पत्रा बडवून बडवून पायातच घातलंय त्ये."

"मग त्यांना एक चांदणी कशी दिली? आणि पुण्याच्या सरांना पाच?"

जिनपाल खाली बघत बोलला. "पुन्याच्या सरांचं काय बी समजलं न्हवतं. पन पावणं लांबनं आलतं, आमच्यासंगं खर्डा खाल्ला. दारात आलेल्या पावण्याला वंगाळ म्हनताय काय तुमी? मिस्त्री काय, घरचाच. त्येच्यावर राग काढला तर त्यो कुठं जातोय." मग तो म्हणाला, "आमाला वाटलं, ठरीवनार तर तुमीच. कागुद आपलं मान ठेवायला."

ही रीत बाईंना ठाऊक नव्हती असं थोडंच होतं? याच गावात त्या जन्मल्या, वाढल्या. पाहुण्याच्या पानात आग्रहानं वाढायचं आणि पाहुण्यानं केलेल्या कशालाही नाव ठेवायचं नाही, हे त्यांनी स्वतः जन्मभर केलं होतं. साठपैकी साठ चांदण्या बघितल्या तेव्हाच त्यांनी ओळखायला हवं होतं. ओळखलंही होतं. सोयीचं नव्हतं म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं होतं.

सम्राटला भेटायला त्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर त्याची आई बनाबाई बसली होती. रोज सकाळी हुपरीहून एसटीनं यायची. घरी पैंजणांच्या कड्या जोडून जोडून तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती. बाई तिच्या शेजारी बसल्या.

"जिनपालनं सांगटलं मला," बनाबाई म्हणाली. "दोन मास्तर आलते म्हनं."

"हो, मावशी." बाईंच्या तोंडी नेहमीचं वाक्य आलं. "आम्ही रीतसर कागद भरून घेतले होते. बारा जणांनी…"

"त्ये ऱ्हाऊ दे. तुमी हुतासा न्हवं दोनी दिशी?"

"होते."

"मग तुमास्नी कुठला बरा वाटलता?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, शेठनी नाही. कपाटातल्या एकाही कागदावर याचं उत्तर नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं, पण बनाबाईसमोर ते त्यांना जमेना.

"दुसरा," त्या म्हणाल्या. "गुंडू मिस्त्री. आमच्याच गल्लीतले आहेत."

बनाबाईनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. एवढं ठाऊक असताना आपल्या लेकाचा डोळा कसा गेला, ते तिला खरोखरच उमजत नव्हतं.

"मग सांगायचं की, बाई," ती म्हणाली.