चांदीचा पाय

मुलीचा गुडघा सुजला तेव्हा मी कोराडीच्या देवीला नवस बोलले होते, 'पाय बरा कर, चांदीचा पाय वाहीन.' बोटाएवढा पाय सराफाकडून घडवूनही घेतला, एवढा माझा भरवसा! आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडाचा कॅन्सर आहे, पाय मांडीपासून काढावा लागेल, नाहीतर पोर हाती लागायची नाही. त्या दिवशी देवीवरून माझं मन उडालं.

"माझं काय चुकलं?" मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं काही नाही. शरीराच्या प्रत्येक पेशीत काही प्रथिनं मुकादमासारखी असतात. कोणत्या जनुकानं कधी काम करायचं, कधी थांबायचं, ते ती ठरवतात. 'वाढ' म्हणणारी असतात, तशी 'पुरे' म्हणणारीही. हिच्या हाडात 'पुरे' म्हणणारं कुणी उरलं नसावं. संशोधन चाललंय, पण ते 'पुरे' परत आणेल असं औषध अजून नाही." आमची काटोलला संत्र्याची बाग. झाडाला पानसोट फुटतो, सरसर वाढतो, झाडाचं सगळं खातो आणि फळ देत नाही. तो कापावाच लागतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी ऑपरेशनच्या कागदावर माझ्याच्यानं सही होईना. ह्यांनी ती माझ्यावर सोपवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी व्हरांड्यात रडत बसले. तेवढ्यात कुबड्या टेकत एक बाई आली. एकच पाय, खांद्याला डब्याची पिशवी. "काहून रडून राहिली वं?" मी आत बोट दाखवलं. ती सरळ पोरीच्या खाटेवर जाऊन बसली. पोर तिच्या पायाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या घरी सैपाक कोण करते?"

"मीच. अन् घरात आवाजबी माह्याच चालते!"

कितीतरी दिवसांनी पोर हसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, करून टाक ना वं सही. मले घरी जायचं आहे." मी सही केली. मागे वळून पाहते तर बाई गेलेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पोर वाचली. कॅन्सरची इंजेक्शनं संपल्यावर तिला घेऊन कोराडीला गेले. चांदीचा पाय पदरात होता, पण ज्याच्यासाठी नवस बोलले तो पाय तर गेला; वाहू की नको कळेना. पोरीनंच तो माझ्याकडून घेतला, कुबडी सावरत देवीपुढे ठेवला. "हा तुह्यापाशी राहू दे, माय. मी आईपाशी आहो."

माझ्या मागण्यालाही 'पुरे' म्हणणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी मी नुसते हात जोडले. पहिल्यांदाच देवीकडे काही मागितलं नाही.