मुलींसाठी डोली

धाकटा भाऊ दिवाळीला नागपूरहून आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, "ताई, आपला तो लाकडी घोडा कुठं असन आता?" 'आपला' हा शब्द ऐकूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. घोडा त्याचा होता. माझ्या वाट्याला डोली होती.

आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की इकडे हिंदी मुलखात, बालाघाटच्या आसपास गावोगाव मंडई भरते, एक दिवसाची जत्रा. आमच्या लहानपणी तिथे घोड्यांची चकरी हमखास असायची. मधे जाड लाकडी खांब, वर आडव्या दांड्या, दांड्यांना टांगलेले लाकडी घोडे, आणि हा सगळा पसारा एक माणूस अंगाच्या जोरावर रेटत गोल फिरवायचा. वेग आला की घोडे बाहेर झेपावायचे. घोड्यांच्या ओळीतच एक डोली टांगलेली असायची, म्हणजे पाठ असलेला बाक, पडू नये म्हणून पुढून आडवी दांडी लावलेला. मुलगे घोड्यावर बसत, मुली डोलीत.

निदान आमच्या घरची मुलगी तरी डोलीतच. तो आईचा कायदा होता. "घोड्यावर नवरदेव बसते. पोरगी बसली तं तिचं लगन जमत नाही." बाबा सरकारी नोकरीत, घरात पुस्तकं, रेडिओवर रोजच्या बातम्या, आणि त्याच घरात हा कायदा. भाऊ घोड्याला टाचा मारत ओरडायचा आणि मी डोलीत मुद्दाम ऐसपैस बसायचे. ऐसपैस बसायचं कारण असं, की डोलीत जरा जागा दिसली की गावातल्या बाया आपली तान्ही पोरं आमच्या मांडीवर ठेवून मोकळ्या होत. चकरी फिरायला लागली की ते पोर भोकाड पसरायचं. एवढं करूनही माझी सगळी फेरी कोणाचं तरी नाक पुसण्यात जायची. खेळायला गेले तरी पोर सांभाळणं काही सुटलं नाही.

मी तो कायदा पाळला. एकदाही घोड्यावर बसले नाही. आणि लग्न तरीही जमलं नाही. कोणाला माझा रंग पसंत नव्हता, कोणाला माझी नोकरी, कोणाला दोन्ही. भाऊ मात्र लाकडी घोड्यावरून थेट खऱ्या घोडीवर गेला, फेटा बांधून, बँडच्या मागे. आईनं त्या घोडीलाही ओवाळलं होतं. आता आई माझ्याजवळच असते. काठी धरून मोरीपर्यंत जाते, बाकी वेळ पलंगावर बसून सगळ्या घरावर लक्ष ठेवते.

नोकरीभर मी चकरी शोधत होते. दौऱ्यावर कुठे मंडई दिसली की जीप थांबवायला सांगायचे. एकदोनदा लाकडी घोडे दिसलेही, पण सोबत ऑफिसची माणसं, अंगावर साडी आणि जो तो मॅडम मॅडम करणारा. लांबूनच पाहून परत फिरायचे आणि रात्रभर स्वतःवर चरफडायचे. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, एकदा घोड्यावर बसायचं म्हणजे बसायचं. भावाला यातलं काही सांगितलं नाही. तो "शोधून काढू" म्हणाला, मी "हौ" म्हटलं. शेजारच्या बाईला आईजवळ बसवलं, सलवार-कमीज घातली आणि गाडीत जाऊन बसले.

"आज ड्रेस काहून?" त्यानं विचारलं.

"सोयीचा पडते," मी म्हटलं.

रोज एक मंडई अशी आमची वणवण सुरू झाली. भरवेलीला खाणीच्या कॉलनीजवळ गुलाबी फायबरचे घोडे होते, मोटारीवर फिरणारे, आणि कानाचे पडदे फाटतील असा डीजे. लांजीकडे एका गावात लोखंडी चकरी होती, तिच्या घोड्यांना पत्र्याची डोकी. भाऊ प्रत्येक ठिकाणी उतरायचा, मोबाइलवर शूटिंग करायचा आणि उसासा टाकायचा. "आपली संस्कृतीच खतम होऊन राह्यली, ताई." वर्षातून चार दिवस इकडे तोंड दाखवणाऱ्यानं संस्कृतीच्या नावानं गळा काढावा, याचा मला इतका संताप आला की मी खिडकीची काच वर करून घेतली. शेवटी एका फुगेवाल्यानं सांगितलं, "लकड़ी वाला झूला? परसवाड़ा तरफ जाओ. एक बाबा अभी भी लाते हैं."

परसवाड्याच्या पुढे एका गावात, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, ती लाकडी चकरी उभी होती. एका घोड्याचा कान तुटलेला, अंगावर ऑइलपेंटचे थरावर थर, शेपटीच्या जागी सुतळीचा झुपका. भाऊ धावतच गेला. घोड्याच्या मानेवरून हात फिरवायला लागला. त्याचे डोळे भरून आले. "हाच, ताई! हाच माहा घोडा!" तोच असण्याची काही गरज नव्हती, पण त्याला कोण सांगणार. पाच मिनिटांत तो चकरीवाल्या म्हाताऱ्याशी भाव करायला लागला. नागपूरच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी ठेवायचा होता म्हणे. म्हाताऱ्यानं मानही वर केली नाही. "घोड़ा नहीं बिकेगा साहब. बैठना है तो बच्चा लाओ."

मी पुढे झाले. "मला बसायचं आहे," मी हिंदीत म्हटलं.

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. मग अगदी आदरानं म्हणाला, "मैडम, आप डोली में बैठ जाइए."

"हौ नं ताई," भाऊ लगेच म्हणाला, "डोलीत बस नं. या वयात घोड्यावर काय! लोकं पाहून राह्यले."

मग मात्र माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पण भर मंडईत, मराठीत आणि हिंदीत, जे माझ्या तोंडून निघालं ते ऐकून पानवाल्यानंसुद्धा पान लावायचं थांबवलं. "तू लहानपणी बसला तवा पाह्यलं नाही लोकायनं? लगनात घोडीवर बसला तवा पाह्यलं नाही? मीच बसली का मंग लोकायले डोळे फुटते?" म्हातारा घाबरला असावा. म्हणाला, "बैठो अम्मा, बैठो. पर सामने वजन चाहिए, नहीं तो झूला तिरछा हो जाएगा." मी निवडलेल्या घोड्याच्या बरोबर समोर डोली होती. मी भावाकडे पाहिलं. तो गेला आणि डोलीत बसला. त्याच्या मांडीवर कोणी पोर ठेवलं नाही, हे मला अजूनही खुपतं.

घोडा फार अरुंद होता. मांड्या घासल्या, गुडघे पोटाला लागले, लोखंडी सळई घट्ट धरून धरून तळवे लाल झाले. म्हाताऱ्यानं रेटा दिला. दोन फेऱ्यांनी वेग आला आणि घोडा मला घेऊन बाहेर झेपावला. ओढणी उडाली, खाली माणसांची डोकी भर्रकन मागे गेली. फार मजा आली. आणि मजा आली म्हणून राग आणखी वाढला. एवढंसं तर सुख होतं! त्या वयात बसले असते तर दोन दिवसांत विसरूनही गेले असते. या एवढ्याशा गोष्टीनं माझ्या आयुष्यातली इतकी वर्षं अडवून धरली होती. खाली उतरले तेव्हा मी रडत होते, आणि डोलीतून माझी सगळी फेरी टिपलेला भाऊ हसत हसत त्याचंही शूटिंग करत होता.

परतीला निघालो. आईला काय सुनवायचं ते मी रस्ताभर मनात घोळवत होते. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भावानं आधी आईसमोर मोबाइल धरला. "पाह्य, तुही पोरगी घोड्यावर!"

"बसली मी," मी म्हटलं. "मोडलं का काही? तुह्यं ऐकून डोलीत बसली, तरी माह्यं लगन झालं का? सांग नं आता."

आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. शूटिंग संपलं तसं परत लावायला लावलं. मग मान वर केली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मले काहून नाही नेलं?" ती म्हणाली.

"तुले? तूच तं म्हणे, घोड्यावर बसू नाही म्हणून."

"पोरीनं बसू नाही म्हटलं होतं. माह्यं तं लगन होऊन गेलतं नं? मले कायचं भेव होतं? दरसाली तुमच्या दोघायच्या चपला हातात धरून उभी राहत होती मी. वाटे, आता कोणी म्हणन, ये, तूबी बस. तुह्या बापानं म्हटलं? यानं म्हटलं? तू म्हटलं कधी?"

भाऊ हात पुढे करून उभा होता, तरी मोबाइल तिनं त्याला दिला नाही. माझ्या हातात आदळला.