बैल नसलेलं जहाज

सन दोन हजार बावीस, मला एकाहत्तर पूर्ण. तोवर मी हट्टी माणसं पुष्कळ बघितली, एक रोज आरशात बघतो; पण माझ्या साडूसारखा हट्टी कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. कसबा बावड्यात त्याचा बैलगाड्या करायचा धंदा. उसाच्या गाड्या जाऊन ट्रॅक्टर आले, तरी हा रोज सकाळी लाकूड तासायच्या वाकसाला धार लावून बसणार. दुसऱ्यानं केलेल्या लाकडावर त्याचा विश्वास नाही. भाचीच्या लग्नात स्टेजवरचा सोफा उलटा करून त्यानं सगळे सांधे तपासले, तोवर नवरामुलगा मुंडावळ्या सावरत उभा.

त्या वर्षी सिनेमावाले आले. दर्यावर फिरणाऱ्या खलाशांची कुठली तरी जुनी, गाजलेली कादंबरी; पण ह्यांच्या सिनेमात समुद्र आभाळात. जहाज ढगांतून जाणार, मासे चांदण्या खाणार. मग पाऊस कुठून पडतो, असं मी तीनदा विचारलं. डायरेक्टर म्हणाला, आजोबा, ती कल्पना आहे. मला अजून उमगलेलं नाही.

साडूला एवढंच कळलं, की जहाज पाहिजे. एकच बाजू करा, दिसण्यापुरती, असं त्यांनी सांगितलं. "अर्धी म्हस दूध देती व्हय?" म्हणून त्यानं सबंध जहाज करायला घेतलं, बाभळीचं. वाकस आता पहिल्यासारखा पेलत नव्हता. हे शेवटचं काम, ह्यानं आपलं नाव राहावं, असं तो बायकोजवळ बोलला होता.

जहाज पाण्यात बसतं कसं, हे त्यानं मला विचारलं. कारण रत्नागिरीला जाऊन समुद्र बघितलाय, असं मी चाळीस वर्षं सांगत आलोय. खरं म्हणजे मी वाटेतल्या मलकापूरपर्यंतच गेलतो. तिथं एस.टी. बंद पडली, मी परत आलो. पण साडूपुढं माघार कोण घेणार? म्हणालो, बैलगाडीसारखंच बसतं.

त्यानं तसंच केलं. गाडी मागं उलटू नये म्हणून थोडं वजन पुढं, बैलांच्या मानेवर ठेवतात. ते त्यानं जहाजातही ठेवलं.

क्रेननं उचललं, तर जहाज नाक खाली घालून लोंबायला लागलं, पेंडीच्या बादलीत तोंड घातलेल्या खोंडासारखं. डायरेक्टर खूश. म्हणाला, आभाळातनं सूर मारतंय, असंच राहू द्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काही कळलं नाही तरी मीही वाजवल्या. साडू एकटा वर बघत उभा.

"पावणं," तो हळूच म्हणाला, "ह्याच्या म्होरं बैल न्हाईत की."

उभ्या जन्मात त्यानं चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. आणि ही चूक तर माझी.

"एकदा समुद्र दावा मला," तो म्हणाला. "बघून येतो, मग दुसरं करतो. सरळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी बांधून घेतली, त्याला रत्नागिरीच्या एस.टी.त बसवलं, खिडकी त्याला दिली. मलकापूर येईपर्यंत एकेक वळण मी त्याला आधीच सांगत होतो. मलकापूर मागं पडलं.

"आता म्होरं काय हाय?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघायला लागलो.