बादलीभर चिखल आणि एक मॅट

उभ्या बेळगाव जिल्ह्यात मालवाहू पिकअप गाडी देव्हाऱ्यासारखी सांभाळणारा माणूस एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. बेळगुंदीला त्यांची रताळ्याची आणि भाजीची शेती आहे. तिथली माती तांबडी, पाऊस धो धो, आणि वर्षातले चार महिने सगळं गाव गुडघ्यापर्यंत लाल. अशा गावात अण्णांनी पांढरी गाडी घेतली. पांढरीच का, असं मी विचारलं तर म्हणाले की पांढऱ्यावर घाण लगेच दिसते, मग लगेच पुसता येते. ज्या गोष्टीची भीती वाटते ती आधी स्वतःहून घरात आणायची, ही त्यांची जुनी रीत आहे.

या गाडीत चप्पल घालून चढायचं नाही, हा पहिला नियम. अण्णा स्वतः अनवाणी चालवतात, आणि शेजारी बसणाऱ्यानं पायताण खाली काढून मगच पाय वर घ्यायचा. नियम चांगला आहे, पण खाली काढलेली पायताणं वर घ्यायची आठवण कोणी करायची, याबद्दल तो काही सांगत नाही. गुंजीला एका लग्नाला आम्ही दोघं निघालो, तेव्हा मी नवे बूट त्यांच्या अंगणात काढले आणि गप्पांच्या नादात तसाच बसलो. गुंजीत मांडवापाशी उतरल्यावर लक्षात आलं. सबंध लग्न मी सूट आणि उघडे पाय अशा अवतारात पार पाडलं. नवरीच्या आजोबांनी मला बाजूला घेऊन नवस कुठल्या देवाचा आहे म्हणून विचारलं. अण्णा माझ्या शेजारीच अनवाणी उभे होते, त्यामुळे नवस सामुदायिक आहे अशी आजोबांची समजूत झाली.

गाडीत शेंगा फोडायच्या नाहीत. दार आपटायचं नाही, पाळण्यातल्या पोराला निजवावं तसं लावायचं. डॅशबोर्डच्या फटी अण्णा जुन्या दात घासायच्या ब्रशानं साफ करतात, आणि तो ब्रश कोणी चुकून दुसरीकडे वापरला तर घरात बोलणी होतात. हे सगळं मी हसत सहन करत आलो. मी निपाणीच्या हायस्कुलात चित्रकला शिकवतो, विचित्रपणा आमच्या धंद्यातही चालतो. पण या स्वच्छतेपायी एक गोष्ट मात्र बिघडली, आणि ती हसण्यासारखी नव्हती.

गाडी घरी आली त्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, भावकी जमली. आक्का, म्हणजे अण्णांची बायको, रताळ्याचे वेल लावायचं काम अर्धं टाकून शेतातून धावत आली. हाताला, पायाला सगळा चिखल. हळदीकुंकू वाहून ती हौसेनं पुढच्या सीटवर चढू लागली, तेव्हा अण्णा चारचौघांत म्हणाले, "आदी पाय धू, मग बस." आक्कानं उचललेला पाय खाली घेतला. तिचा आवाज चढला नाही. ती एवढंच म्हणाली, "गाडी ह्याच चिखलातनं आलीया. ऱ्हाऊ दे, तुमची तुम्हास्नी." आणि पुन्हा शेतात निघून गेली.

त्या दिवसापासून आक्का त्या गाडीत बसली नाही. दर शनिवारी तिला भाजी घेऊन बेळगावच्या बाजाराला जायचं असे. भाजीच्या बुट्ट्या अण्णांच्या गाडीत जायच्या आणि आक्का बसनं. अण्णा बसच्या मागून गाडी चालवायचे. बस थांबली की थांबायचे, बस निघाली की निघायचे. बसमधले लोक मागच्या काचेतून बघायचे, आणि आक्का मात्र चुकूनही मान वळवायची नाही. बाजारात दोघं बुट्ट्या उतरवून घ्यायचे, भाव ठरवायचे, एकत्र चहा घ्यायचे, आणि परत येताना ती बसमध्ये, हे मागे. घरात बोलणं, जेवण, सगळं नीट. फक्त गाडीचा विषय निघाला की आक्का चुलीकडे बघायची. असं जवळजवळ वर्ष गेलं. अण्णा या एका गोष्टीनं वाळून गेले होते, हे मला दिसत होतं.

मग एका रविवारी सकाळी ते निपाणीत माझ्या दारात उभे राहिले. हातात झाकण लावलेली प्लास्टिकची बादली. म्हणाले, गाडीच्या पायाखाली घालायची मॅट घ्यायची आहे, ऊन, पाऊस, चिखल, सगळ्याला पुरणारी, आणि तुम्ही चित्राचे मास्तर, तर आधी त्या जागेचा नेमका आकार कागदावर काढून द्या. मी गाडीत ओणवा होऊन, कार्डशीट कापून, पेडलपासून पलीकडच्या दारापर्यंतचा आकार काढला. बादलीत काय आहे विचारलं तर झाकण उघडून दाखवलं. आत त्यांच्या शेतातला चिखल होता. मॅटची परीक्षा दुसऱ्या चिखलावर घेऊन चालणार नाही, असं त्यांचं मत. निपाणीचा चिखल काळा, तो चिकटून बसतो. बेळगुंदीचा लाल, तो वाट काढत जातो.

बेळगावची दुकानं त्यांनी आधीच पालथी घातली होती. तिथं गालिच्यासारख्या केसाळ मॅट मिळाल्या, चिखल त्या केसांत शिरला तो निघेना, आणि दुकानदारानं ती मॅट त्यांच्याच गळ्यात घातली. निपाणीतला दुकानदार जैन होता, कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत सारखाच शांत. त्यानं सपाट रबरी मॅट काढली. मला बूट काढायला लावून अण्णांनी माझा पाय बादलीत बुडवला आणि मॅटवर ठेवायला सांगितला, कारण त्यांना निरीक्षण करायचं होतं. पाणी कडेवरून सरळ फरशीवर गेलं. दुकानदारानं फरशी बघितली आणि मला हळूच विचारलं की तुम्ही मॅट घेताय की भात लावताय. तेवढ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील आत आले. मी एका पायानं लाल असा त्यांना नमस्कार केला.

मग कोल्हापूर. कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यावर पोलिसानं माझ्या मांडीवरच्या बादलीकडे बोट केलं. अण्णा कानडीत म्हणाले, "मण्णु री, नम्म होलद मण्णु." आमच्या शेताची माती आहे, हे त्याला कळलं. कोल्हापूरला कशाला नेताय, हे अण्णांनी सविस्तर सांगितलं, तेव्हा त्यानं हात जोडून आम्हाला पुढे सोडलं. गाडी महाराष्ट्रात शिरल्यावर मी धीर करून बोललो. म्हटलं, अण्णा, एवढ्या खटाटोपापेक्षा आक्काला नुसतं चुकलं म्हणा की. त्यांनी आधी समोरच्या ट्रकला वाट दिली. मग म्हणाले, "त्ये मला जमत न्हाय, पाव्हणं. मॅटच बघूया. ती बांधावरनं थेट चढू दे, म्या पायाकडं बघणार न्हाय."

कोल्हापुरात हवी ती मिळाली. जाड, काळी, चारही बाजूंनी कडा उचललेली, परातीसारखी. माझ्या कागदाशी तंतोतंत जुळली. अण्णांनी तीत अर्धी बादली ओतली, हलवली, तिरकी केली. एक थेंब बाहेर आला नाही. अण्णांचा चेहरा असा उजळला की दुकानदारालाही बरं वाटलं. येताना ते सबंध रस्ताभर आक्काबद्दल बोलत होते. ती किती भरभर वेल लावते, तिच्या हातची रताळी कशी सरळ येतात. एवढं कौतुक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम बेळगुंदीला गेलो. आक्का मेथीचं ओझं घेऊन बांधावरून आली, पाय लाल. अण्णांनी स्वतः दार उघडून धरलं आणि आकाशाकडे बघत उभे राहिले. आक्का थबकली, मग हसली. तिनं एक पाय वर घेतला आणि तिथंच थांबली. नव्या मॅटवर धुऊन वाळवलेलं खताचं पोतं अंथरलेलं होतं.

"ह्ये कशापायी?" आक्कानं विचारलं.

अण्णा खोटं बोलत नाहीत, हाच त्यांचा मोठा दोष. "मॅट खराब हुईल म्हणून," ते म्हणाले.

आक्काचा पाय खाली आला. मेथी गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवून ती बसथांब्याकडे चालू लागली. मला अण्णांचा राग आला, आणि तितकीच दयाही आली. ते तिच्या पाठीकडे बघत होते. मग अचानक वळून रताळ्याच्या वाफ्यात शिरले, आणि बाहेर आले ते गुडघ्यापर्यंत लाल. पोतं ओढून रस्त्यावर टाकलं आणि त्या पायांनी ते गाडीत चढले. मी मागे बुट्ट्यांमध्ये उडी घेतली, कारण पुढची सीट कोणाची आहे हे मला कळलं होतं. दार त्यांनी धाडकन आपटलं. तो आवाज त्या गाडीनं पहिल्यांदाच ऐकला असेल.

बस आम्हाला पुढच्या थांब्यावर सापडली. अण्णा तिच्यापुढे गाडी आडवी लावून उतरले आणि आक्काच्या खिडकीखाली उभे राहिले. बसमधल्या सगळ्यांनी आधी त्यांचे पाय पाहिले, मग तोंड. आक्कानंही तसंच पाहिलं.

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले. "चल."

आक्का हलली नाही. तेव्हा कंडक्टरनंच दार उघडलं आणि अजिजीनं म्हणाला, "होगरी आक्का, लेट आग्तद." जा बाई, उशीर होतोय. नवऱ्यासाठी उठायचं की नाही हे तिनं ठरवलं नव्हतं, पण बसचा खोळंबा तिला पटण्यासारखा नव्हता. ती उतरली आणि चिखलाच्या पायांनी पुढे जाऊन बसली. हौद्यातून मला मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. बेळगाव येईपर्यंत अण्णा गाडी फारच सावकाश चालवत होते.

आता गाडीला बरेच ओरखडे आले आहेत. बूट घालून चढलं तर अण्णा काही म्हणत नाहीत. आक्काचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिचं बाजाराला येणं कमी झालं आहे. कधी महिन्यातून एकदा येते, कधी तेवढंही नाही. अण्णा अजून दर रविवारी गाडी धुतात. ड्रायव्हरची बाजू, टप, चाकं, सगळं. परवा त्यांच्याबरोबर एकटाच निघालो होतो आणि सवयीनं पुढे चढू लागलो, तर अण्णांनी हात आडवा केला. खाली त्या काळ्या मॅटवर लाल चिखलाचे दोन पाय उमटून वाळले होते.

"तिकडं नगं, पाव्हणं," ते म्हणाले. "ती बसलीया तितं."

मी मागे हौद्यात चढलो.